एचआयव्ही घरी तपासायचा किट: टेस्ट छान, पण पत्रकात महत्त्वाचंच राहिलंय

तोंडातल्या स्वॅबवाला किट आहे हा, सुई नाही, रक्त नाही. काडी वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायची, नळीत उभी करायची आणि २० मिनिटं थांबायचं, ४० च्या पुढे मात्र रिझल्ट वाचायचा नाही. काडीवर फक्त सी या खुणेसमोर रेघ आली तर निगेटिव्ह, टी समोरही आली, मग ती कितीही पुसट असो, तर रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे लागण असू शकते. आणि सी ची रेघच नाही आली तर टेस्ट फुकट गेली. वापरायला सोपा आहे, चित्रं पण स्पष्ट आहेत.

माझी तक्रार किटसोबतच्या पत्रकाबद्दल आहे. असा किट घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच असतं की लॅबमध्ये गेलो तर नाव सरकारदरबारी जाईल, मग ऑफिसात कळेल, घरी कळेल, आणि या भीतीपायी माणसं टेस्टच टाळत राहतात. त्यावर पत्रकात एक ओळ नाही! रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर डॉक्टरांकडे जाऊन पक्की टेस्ट करा, संपलं. अहो पण तिथे गेल्यावर नावाचं काय होतं हे कोण सांगणार?

तर जिथे लागण झाल्याचं कळवायचा कायदा आहे तिथे ती जबाबदारी डॉक्टर आणि लॅबवर असते, आणि ते कळवतात आरोग्य खात्याला, तुमच्या साहेबाला किंवा शेजाऱ्यांना नाही. पद्धत देशागणिक वेगळी. अमेरिकेत २००८ पर्यंत सगळ्या राज्यांनी नावानिशी नोंद सुरू केली, पण ते नाव राज्याच्या आरोग्य खात्यापाशीच थांबतं, केंद्राच्या सीडीसी या आरोग्य संस्थेला जातो तो नाव काढलेला डेटा. जर्मनीत नाव जातच नाही, कोड जातो. इंग्लंडमध्ये तर एचआयव्ही सक्तीने कळवायच्या रोगांच्या यादीतच नाही. भारतात २०१७ चा कायदा उलट गोपनीयतेवर जोर देतो, टेस्टच्या आधी संमती लागते आणि ओळख पटेल अशी माहिती बाहेर फोडायला मनाई आहे, कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद सोडून.

नोंद कशाला, तर एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये, लागण कुठे वाढतेय ते कळावं आणि औषधं, समुपदेशन तिथे पोचावं म्हणून. मला हे पटतं. पण लोकांना विश्वासात घेऊन सांगितलं तरच ते टेस्टला पुढे येतील ना, आणि सांगायला या पत्रकाइतकी चांगली जागा दुसरी कुठली? प्रत्येक देशाच्या पत्रकात तिथल्या नियमाच्या चार ओळी छापणं काय कठीण आहे!

घेणार असाल तर एवढं बघा. नुकताच धोका झाला असेल तर हा किट कामाचा नाही, अलीकडची लागण यात दिसत नाही, निगेटिव्हवर भरवसा ठेवायला तीन महिने उलटलेले हवेत. संबंध होऊन ७२ तास झाले नसतील तर किटची वाट बघत बसू नका, थेट डॉक्टर गाठा आणि पेप, म्हणजे धोका झाल्यावर लागण टाळायला घ्यायची औषधं, विचारा. एचआयव्हीची औषधं किंवा प्रेप (लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची औषधं) चालू असेल तर रिझल्ट चुकू शकतो.

टेस्टला पाचपैकी साडेचार, पत्रकाला दोन.