वेळ लावलेली ऑनलाईन परीक्षा की घरी सोडवायचे काम?

कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंग कारखाने आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या दारव्ह्याच्या आमच्या लहानशा कार्यालयात अभियंते निवडण्याच्या या दोन्ही पद्धती आम्ही वापरल्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी भरती करणाऱ्यांना आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

ऑनलाईन परीक्षेत सर्वांना तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ मिळतो, गुणही यंत्रच देते, त्यामुळे ‘आपल्याच गावचा पोरगा आहे’ या शिफारशीला जागा उरत नाही. लहान गावात ही गोष्ट थोडी नव्हे. अर्ज शेकड्यांनी येत असतील, तर दुसरा व्यवहार्य मार्ग मलाही दिसत नाही.

मला नडली ती वीज. आर्णीकडच्या एका खेड्यातील मुलीची परीक्षा चालू असताना लाईन गेली, राउटर बंद पडला, मोबाईलच्या नेटवर पुन्हा जोडणी मिळेपर्यंत घड्याळ चालूच राहिले आणि अहवालात तिच्या नावापुढे ‘उमेदवार कॅमेऱ्यासमोर नाही, संशयास्पद’ असा शेरा आला. पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलेल्या प्रत्येक परीक्षेत असा कोणी ना कोणी निघायचाच. पुण्या-नागपूरहून परीक्षा देणाऱ्यांच्या वाट्याला मात्र हा शेरा क्वचितच येई. परीक्षा प्रोग्रामिंगची आणि नापास गावच्या फीडरमुळे, हे मला पटेना. शिवाय कॅमेऱ्यातून होणाऱ्या पहाऱ्याचाही परिणाम होतोच: नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या 2020 मधील अभ्यासात, कोणी पाहत असताना कोड लिहिणाऱ्यांची कामगिरी एकांतात लिहिणाऱ्यांच्या निम्म्याहूनही खाली गेली होती. सहभागी 48च होते, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये.

घरच्या कामात आम्ही वजनकाट्याच्या पावत्यांवरून शेतकऱ्याचे देणे काढायला सांगतो: कापसात ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण दर, 12 पर्यंत कपात, त्यावर माल परत. कापूस न पाहिलेल्या उमेदवाराचे नुकसान होऊ नये म्हणून हे नियम लिहूनच देतो. नोकरी किंवा घर सांभाळणाऱ्यांना हेही जड जाते, म्हणून काम एका संध्याकाळीत संपेल एवढेच ठेवतो आणि मुदत आठवड्याची देतो.

काम मित्राने किंवा एआयने करून दिले असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून त्याच कोडवर नंतर फोनवर बोलतो: एकाच गाडीत दोन शेतकऱ्यांचा माल आला, तर काय बदलाल? प्रश्न सर्वांना तेच असतात आणि कोणत्या उत्तराला किती गुण, हे आधीच लिहून ठेवलेले असते. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या, नोकरीसाठीच्या निवडपद्धतींवरील 2022 मधील आढाव्यातही, पुढच्या कामाचा अंदाज देण्यात अशी आखीव मुलाखतच सर्वांत वर आली होती. यात आमचा वेळ बराच जातो, हे मान्य. अर्ज मोजके असल्याने आम्हाला तो परवडतो. आणि बोलणे मध्येच तुटले, तर फोन पुन्हा लावता येतो.