साताऱ्याचं जाळं, सांगलीचा रस्ता

सातारा आणि सांगली, दोन्हीकडच्या कॉलेजशिक्षणाची मुळं 1919 सालातली, पण घडण वेगळी. त्या वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. आधी वसतिगृह, मग शाळा, कॉलेज त्यानंतर. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 चं, कराडचं गाडगे महाराज कॉलेज 1954 चं. काम करून शिकायच्या 'कमवा आणि शिका' योजनेमुळे फीला पैसे नसलेलं पोरगंही आत येऊ शकलं. मला यातली खरी करामत वसतिगृहांची वाटते. त्यांच्याविना खेड्यातल्या पोरांना तालुक्याचं कॉलेजही लांबच.

सांगलीत त्याच 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज उभं केलं, तिथल्या विश्रामबाग भागात. 1947 मध्ये आलेलं इंजिनिअरिंग कॉलेज, आजचं वालचंद, तेही तिथंच. म्हणजे सांगली-मिरज रस्त्यालगत चांगली गर्दी जमली. विषयांची निवड हवी असेल तर हे सोयीचं. जिल्ह्यातल्याच पण लांबच्या जतच्या मुलीला मात्र खोली आणि खानावळ आधी बघावी लागते.

आणि गंमत बघा, सांगली जिल्ह्यातल्याच कडेगाव तालुक्यातल्या सोनसळचे पतंगराव कदम, त्यांनी भारती विद्यापीठ 1964 मध्ये काढलं ते पुण्यात!

पैसा बेताचा असेल तर मी साताऱ्याची पद्धत निवडेन.