फाटकावरचा व्हेरिफोकल कॅमेरा : २.८ ते १२ मि.मी. लेन्सचे परीक्षण

गृहनिर्माण संस्थेच्या मुख्य फाटकासाठी घेतलेल्या, २.८ ते १२ मि.मी. मोटराइज्ड व्हेरिफोकल लेन्सच्या (म्हणजे जिचा झूम मोटरने कमीजास्त करता येतो अशा लेन्सच्या) ४ मेगापिक्सेल बुलेट, म्हणजे लांबट नळीसारख्या, कॅमेऱ्याचे हे परीक्षण आहे. ब्रँडचे नाव मुद्दाम देत नाही. अशा लेन्सचे कॅमेरे बहुतेक सर्व कंपन्या विकतात आणि पुढील मजकूर कंपनीपेक्षा लेन्सलाच अधिक लागू पडतो. कॅमेरा घेताना मेगापिक्सेल किती, हे सगळेच विचारतात. लेन्स किती मि.मी.ची, हे क्वचितच कोणी विचारते, आणि मग दुकानात जी असेल ती, म्हणजे बहुधा २.८ किंवा ३.६ मि.मी.ची, फिक्स्ड, म्हणजे झूम न बदलणारी, लेन्स गळ्यात पडते.

वास्तविक हिशेब सोपा आहे. सेन्सरच्या (कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या चिपच्या) रुंदीला अंतराने गुणून फोकल लेंथने, म्हणजे लेन्सच्या मि.मी.च्या आकड्याने, भागले, की त्या अंतरावर कॅमेऱ्याला किती रुंद दृश्य दिसेल ते कळते. आमच्या १/२.८ इंची सेन्सरची प्रत्यक्ष रुंदी सुमारे ५.४ मि.मी. असते. आमच्या खांबापासून फाटक १० मीटरवर आहे, म्हणजे २.८ मि.मी.वर १९ मीटरहून अधिक रुंदी दिसते (कडा वाकत असल्याने प्रत्यक्षात आणखी जास्त), ६ मि.मी.वर ९ मीटर आणि १२ मि.मी.वर जेमतेम साडेचार मीटर. फाटक ५ मीटर रुंद असल्याने ८ मि.मी.च्या आसपासची, म्हणजे सुमारे ७ मीटरची चौकट आम्हाला योग्य वाटली.

ही चौकट ठरवताना आयईसी ६२६७६-४ या कॅमेऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतील आकडे फार उपयोगी पडतात. कोणीतरी आहे एवढेच कळायला दर मीटरला २५ पिक्सेल पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची तर २५०. आमच्या कॅमेऱ्याचे चित्र २५६० पिक्सेल रुंद आहे. ते १९ मीटरवर पसरले तर वाट्याला १३५ च्या आतबाहेर पिक्सेल येतात, ७ मीटरवर मात्र ३६५. दुचाकीची मागची नंबरप्लेट २०० मि.मी. रुंद असते. पहिल्या चौकटीत तिच्या वाट्याला २७ पिक्सेल येतात आणि अक्षरांच्या जागी करडा डाग दिसतो. दुसऱ्या चौकटीत ७३ येतात आणि फाटकाशी वेग कमी केलेल्या गाडीचा नंबर दिवसा वाचता येतो. नंतर चित्र मोठे करून हे पिक्सेल परत मिळत नाहीत, डाग फक्त मोठा होतो. अर्थात समितीच्या बैठकीत पडद्यावर रस्ता, समोरची टपरी आणि अर्धे आकाश दिसणारे चित्रच सर्वांना आवडते, हा भाग वेगळा.

रात्रीची कामगिरी मात्र दिवसाच्या तोलाची नाही. या लेन्सचे छिद्र २.८ मि.मी.वर एफ १.६ असते (हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), पण झूम वाढवत नेला की आत येणारा प्रकाश घटतो, त्यामुळे ८ मि.मी.वर चित्रात दाणे दिसू लागतात आणि फोकसची खोलीही, म्हणजे जेवढ्या अंतराच्या पट्ट्यातले स्पष्ट दिसते तो पट्टाही, कमी होते. परावर्तक नंबरप्लेटवर कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश पडला की ती पांढरीफेक दिसते. शटरचा वेग वाढवला तर अक्षरे उमटतात, पण मग माणसांचे चेहरे काळवंडतात. एकाच कॅमेऱ्याने चेहरा आणि नंबर दोन्ही रात्री टिपावेत, ही अपेक्षा या किमतीत ठेवू नये. फाटकावर चांगला पांढरा दिवा लावणे हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय आहे.

मोटराइज्ड लेन्सला जास्त पैसे मोजावे लागतात, तरी ते वसूल होतात. साध्या व्हेरिफोकलमध्ये शिडीवर उभे राहून झूम आणि फोकस हाताने फिरवावे लागतात, तेही खाली पडदा पाहणाऱ्याच्या हाकांवर. इथे हेच काम एनव्हीआरसमोर, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासमोर, बसून होते. फोकस एकदा अंधार पडल्यावर, इन्फ्रारेड चालू असताना तपासावा, कारण दिवसा नेमका बसलेला फोकस काही कॅमेऱ्यांत रात्री किंचित सरकतो.

लिफ्ट, जिन्याचा चौक किंवा तीन-चार मीटरच्या व्हरांड्यासाठी हा कॅमेरा घेण्याचे काहीच कारण नाही, तिथे २.८ मि.मी.ची स्वस्त फिक्स्ड लेन्सच योग्य. पार्किंगच्या लांब गल्लीला ६ मि.मी.ची फिक्स्ड लेन्स पुरते.

एक तक्रार राहते. मोबाइल अॅपमध्ये झूमची बटणे थेट पडद्यावर असल्याने कोणाचाही अंगठा लागला की काळजीपूर्वक बसवलेली चौकट बदलते आणि ती पूर्ववत होईपर्यंत चुकीच्या चौकटीचेच चित्रण साठत राहते. म्हणून सचिव वगळता सर्वांना फक्त चित्र पाहण्यापुरतेच लॉगिन द्यावे आणि ठरलेल्या चौकटीचा एक स्क्रीनशॉट वॉचमनच्या केबिनमध्ये लावून ठेवावा, म्हणजे फरक त्याच्या लगेच लक्षात येतो.