एक टांकसाळ, नऊ धातू: स्लॅबमधल्या नाण्यांचा दहा महिन्यांचा अनुभव

हद्द आधी आखून घेतली होती. स्वतंत्र भारताची नाणी, तीही फक्त मुंबई टांकसाळीची, प्रत्येक धातूचं एकच नाणं आणि महिन्याला दोन हजारांच्या वर खर्च नाही. निकेलचा १९५०चा रुपया, ब्राँझचा १९५७चा एक नया पैसा, त्याच वर्षीचे तांबं-निकेलचे दहा नये पैसे, निकेल-ब्रासचा १९६३चा नया पैसा, ॲल्युमिनियमचे तीन पैसे, ॲल्युमिनियम-ब्राँझचे वीस पैसे, गांधी शताब्दीचे चांदीचे दहा रुपये, स्टीलचा रुपया आणि दोन धातू जोडून केलेले दहा रुपये. दहा महिन्यांत यातली आठ स्लॅबमध्ये आली. स्लॅब म्हणजे ग्रेडिंग कंपनी नाणं तपासून, दर्जाचा आकडा देऊन ज्यात बंद करते ती प्लॅस्टिकची चपटी पेटी. स्टीलचा रुपया मुद्दाम बाहेर ठेवला आहे, त्याचं कारण शेवटी येईलच.

मुंबईची खूण म्हणजे सालाखालचा छोटा हिरा. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नाही. स्लॅबच्या लेबलवर मात्र हिरा छापत नाहीत. तिथे सालापुढे कंसात ‘बी’ असतो. कंसाचा अर्थ असा की हे अक्षर नाण्यावर नाही, टांकसाळ ओळखून लिहिलेलं आहे. नाण्यावरच ‘बी’ दिसला तर ते प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं, वेगळीच वस्तू आणि वेगळीच किंमत. पुढच्या काळातल्या प्रूफवर ‘एम’ येतो. लेबलवर विसंबू नका, दहा पटींच्या भिंगातून हिरा स्वतः बघा. झिजलेला किंवा अर्धवट उठलेला हिरा ठिपक्यासारखा दिसतो, आणि १९८८ नंतरच्या नाण्यांत हीच चूक सर्रास होते.

आता पैशांचं. ग्रेड १ ते ७० अशी असते आणि न वापरलेलं नाणं एमएस (मिंट स्टेट, म्हणजे टांकसाळीतून निघालं तसं) ६०पासून सुरू होतं. माझ्या मते मर्यादित बजेटवाल्याने ६४ आणि ६५ इथेच थांबावं. ६३च्या खाली चेहऱ्यावर किंवा मोकळ्या जागेत नजरेला टोचणारे ओरखडे असतात. ६६च्या वर गेलं की नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही, पण किंमत मात्र उडी मारते. विक्रेते इथे ‘टॉप पॉप’ हा शब्द पुढे करतात. त्या ग्रेडमध्ये जगात दोनच नाणी आहेत, याच्या वर एकही नाही, वगैरे. आकडा खरा असतो. पण तो त्या कंपनीकडे ग्रेडिंगसाठी आलेल्या नाण्यांचा आकडा आहे, शिल्लक असलेल्या नाण्यांचा नव्हे. आपली तीन पैशांची किंवा वीस पैशांची नाणी ग्रेडिंगला पाठवतंच कोण? नाण्यापेक्षा ग्रेडिंगचा खर्च कितीतरी पट. उद्या कोणी जुनी न फोडलेली थैली उघडून पन्नास नाणी पाठवली की ‘दोनच’ हा आकडा तिथेच संपतो. त्यामुळे ‘टॉप पॉप’साठी एक रुपयाही जास्त दिला नाही, आणि आता तर पक्कं वाटतं की देऊ नये.

पैसा खरा घालावा तो १९५०च्या रुपयासारख्या नाण्यात. निकेल कडक धातू, ठसा खोल उमटवायला कठीण. त्यामुळे मधल्या सिंहाची आयाळ आणि छाती बऱ्याच नाण्यांत सपाटच असते. ही सपाटी ठशाची की झिजेची, हे ओळखता आलं की अर्धं काम झालं. खोलीतले ट्यूबलाइट बंद करा, एकच पिवळा बल्ब ठेवा आणि नाणं त्याखाली सावकाश तिरकं फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे गोल फिरतात. हे पट्टे सिंहाच्या सपाट छातीवरूनही तुटल्याशिवाय गेले, तर ठसा कमजोर आहे, नाणं कोरं आहे. छातीवर पट्टा मध्येच विझून करडा मळकट डाग उरला, तर ती झीज. स्लॅबमधूनही हे बघता येतं, फक्त प्लॅस्टिकवरच्या ओरखड्यांनी फसू नका. स्लॅब हलवला की प्लॅस्टिकचा ओरखडा आणि नाण्याचा ओरखडा वेगवेगळे सरकतात.

वजन आणि लोहचुंबक हे दोन तपास स्लॅबबाहेरच्या नाण्यासाठी. १९५०चा रुपया ११.६६ ग्रॅम, २८ मिलिमीटर आणि चुंबकाला चिकटतो, कारण निकेल. तांबं-निकेलचं नाणं चिकटत नाही. चांदीचे दहा रुपये १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध चांदी. याची किंमत चांदीच्या भावाखाली सहसा जात नाही हा त्याचा गुण. दोष असा की ही नाणी घराघरांत चिंचेने, राखेने, दातांच्या पावडरीने घासली गेली आहेत. घासलेल्या नाण्यावर सगळ्या बारीक रेघा एकाच दिशेने जातात आणि कड्याजवळ अक्षरांच्या खाचांत जुना काळपटपणा अडकलेला राहतो. असं नाणं पाठवलं तर आकडा मिळत नाही, ‘डीटेल्स’, म्हणजे नाणं खरं पण बिघडलेलं, असा शेरा मिळतो आणि फी गेली ती गेलीच.

स्वतः पाठवावं की स्लॅबमधलं तयार घ्यावं? आठ नाण्यांसाठी तयार घेणंच स्वस्त पडलं. एनजीसी आणि पीसीजीएस या दोन्ही ग्रेडिंग कंपन्या अमेरिकेतल्या. प्रत्येक नाण्याची फी, वर प्रत्येक अर्जाची हाताळणी फी, जाण्यायेण्याचं विमा उतरवलेलं कुरिअर, कस्टमची कागदपत्रं. तीन नाण्यांवर हा सगळा भार पडला तर हिशेब बसतच नाही. डीलरमार्फत पंधरा-वीस जणांच्या गठ्ठ्यात गेलं तर थोडा हलका होतो. तयार घेताना मात्र लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून बघायचाच. क्रमांक सापडला एवढ्याने भागत नाही, कारण नकली स्लॅबवरही खऱ्या नाण्याचा क्रमांक छापतात. तिथे फोटो असेल तर एखादी ठळक खूण धरा, टोनिंगचा (काळाने धातूवर चढलेल्या रंगाचा) डाग किंवा कड्यावरची खाच, आणि हातातल्या नाण्याशी जुळवा. फोटो नसेल तर स्लॅबची जोडरेघ बघा. उचकटलेल्या स्लॅबला कडेने पांढुरकी धुरकट रेघ येते. फोर्टमध्ये फुटपाथवर किंवा चोरबाजारात स्लॅब घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सुटी नाणी बघा, हात आणि डोळा तयार करा. स्लॅब नाणेप्रदर्शनात किंवा पावती देणाऱ्या डीलरकडूनच घ्यावा.

सगळ्यात जास्त काळजी ब्राँझच्या नया पैशाने करायला लावली. जेमतेम दीड ग्रॅमचं, १६ मिलिमीटरचं नाणं. लेबलवर ग्रेडबरोबर रंगही लिहिलेला असतो: ‘आरडी’ म्हणजे टांकसाळीतला मूळ लाल, ‘आरबी’ म्हणजे लाल-तपकिरी, ‘बीएन’ म्हणजे तपकिरी. स्लॅब हवाबंद नसतो, हे अनेकांना माहीतच नसतं. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवा आत शिरते आणि लाल रंग उतरायला लागतो. म्हणून ‘आरडी’साठी जास्त पैसे टाकू नका, चांगला ‘आरबी’ घ्या. त्याचा रंग आधीच स्थिरावलेला असतो.

साठवणीला झाकणाला रबरी पट्टी असलेला, चार बाजूंनी क्लिप लागणारा स्वयंपाकघरातला डबा चालतो. त्यात स्लॅब उभे, शंभर ग्रॅम सिलिका जेलची पुडी आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०च्या दरम्यान हवा. जून ते सप्टेंबर सिलिका दर तीन आठवड्यांनी मंद तव्यावर सुकवावी लागली, एरवी दोन महिन्यांनी पुरते. डबा लाकडी कपाटात नको, प्लायवूडच्या वाफा ब्राँझ आणि चांदीला बाधतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटातही नको, तिथे ओल धरते. आणि स्लॅबच्या गठ्ठ्याला रबरबँड तर कधीच लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, आणि स्लॅब हवाबंद नाही हे वर आलंच आहे.

सुटी नाणी घेताना बहुतेक विक्रेते मऊ, घडी घालता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात देतात. ते पीव्हीसी. काही महिन्यांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. घरी आल्याबरोबर काढा. थर आला असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. दोन-तीन मिनिटं बुडवून दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये विसळा आणि सुती कापडावर आपोआप वाळू द्या. पुसायचं नाही. खिडकी उघडी, गॅस बंद. नंतर मायलारच्या (पारदर्शक पातळ प्लॅस्टिकच्या) खिडकीच्या पुठ्ठा-होल्डरमध्ये ठेवा आणि स्टेपलची टोकं पकडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा बसतो. ॲल्युमिनियमचे तीन पैसे इतके मऊ असतात की होल्डर बंद करताना नखही लागलं तरी खूण राहते.

आता स्टीलचा रुपया स्लॅबमध्ये का नाही ते. १९९२पासूनचा हा २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा रुपया अजूनही कोऱ्या थैल्यांतून सहज मिळतो आणि ६४ की ६६ हे ठरवायला त्यावर झळाळीच फारशी नसते. वीस नाण्यांतून एक निवडलं, हिरा तीक्ष्ण उठलेलं, आणि पुठ्ठा-होल्डरवर साल, टांकसाळ आणि वजन पेन्सिलीने लिहून त्याच डब्यात बाकीच्या आठांच्या शेजारी ठेवलं.