ऑटोमॅटिक घड्याळ आठ-नऊ महिने रोज वापरल्यावर (बडोद्याहून)

आधीच सांगते, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये कारण खाली बरीच कुरकुर आहे. आत मशीन सेइकोचं एनएच ३५ आहे, ते ढीगभर छोटे ब्रँड वापरतात, म्हणजे मशीनबद्दल जे लिहितेय ते तुमच्या घड्याळालाही लागू पडेल कदाचित. केस (म्हणजे घड्याळाची बॉडी) ३८ मिमी, मागे काच, स्टीलचा पट्टा, वेळ लावायची चावी स्क्रूवाली, १०० मीटर वॉटर रेझिस्टंट.

मशीनला फुल मार्क. मागच्या काचेतून ते अर्धगोल वजन फिरताना दिसतं ना, तो रोटर, हात हलला की तो झुलतो आणि इकडे फिरो की तिकडे, आतली एक लिव्हर मेनस्प्रिंगला (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) पीळ एकाच दिशेने देते, सेइकोने ही युक्ती १९५९ मध्ये आणली आणि अजून तीच चालू आहे. पूर्ण भरलं की ४१ तास. शुक्रवारी रात्री नऊला काढून ठेवलं तर रविवारी दुपारी मान टाकतं, मग सोमवारी ॲक्टिव्हा काढायच्या घाईत वेळ लावत बसा.

नवरात्रात सगळ्यांनी घाबरवलं होतं की गरब्याला घालू नकोस, एवढे हात फिरतील तर स्प्रिंग तुटेल. अहो नाही तुटत. ऑटोमॅटिकमध्ये मेनस्प्रिंगचं बाहेरचं टोक ती ज्या डबीत गुंडाळलेली असते तिच्या भिंतीला पक्कं जोडलेलं नसतं, पूर्ण भरलं की ते सरकतं, बस. टाळ्यांच्या धक्क्याचीही सोय आहे, बॅलन्स व्हीलच्या (डोलत डोलत वेळ मोजणारं चाक) केसासारख्या टोकांना ज्या खड्यांचा आधार असतो ते खडे छोट्या स्प्रिंगवर बसवलेत, धक्का आला की जरा हलतात आणि जागेवर येतात. तरी नऊच्या नऊ रात्री घालाच असं मी म्हणणार नाही, घामाने पट्ट्याचे सांधे इतके कळकट होतात की जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं.

'२४ ज्वेल्स' वाचून हुरळून जाऊ नका हां. कृत्रिम माणकाचे बारीक खडे असतात, चाकांच्या टोकांना घासणं कमी व्हावं म्हणून, विकायला गेलात तर चहाचे पैसे निघणार नाहीत. बाबांच्या एचएमटी जनतामध्ये १७ होते आणि रोज सकाळी चावी दिली की ते बिचारं वर्षानुवर्षं चाललं.

माझं रोज दहा-बारा सेकंद पुढे जातं, कंपनीच दिवसाला वजा २० ते अधिक ४० सेकंद चालतील म्हणते, तेव्हा तक्रार नाही. पण डिसेंबरात एकदम दिवसाला पाच-सहा मिनिटं पुढे जायला लागलं. रावपुऱ्यात टॉवरच्या बाजूला (चिमणाबाई टॉवर, १८९६ चा, तोच) घड्याळवाले काका बसतात, त्यांनी आयग्लास लावायच्या आधी ड्रॉवरमधून होकायंत्र काढून घड्याळाशेजारी धरलं, सुई टुणकन हलली. "बेन, आने तो चुंबक लागी गयुं छे." टॅबलेटच्या कव्हरमधलं मॅग्नेट असणार, दोन्ही एकाच कप्प्यात असायचे. होतं काय, की बॅलन्सला डोलवणारी बारीक वेटोळ्याची हेअरस्प्रिंग मॅग्नेटाइज झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स भराभर डोलायला लागतो. काकांनी चुंबकत्व घालवणाऱ्या निळ्या डबीवर घड्याळ ठेवून बटण दाबलं, हळूहळू वर उचललं, झालं. दोन मिनिटांचं काम. अचानक मिनिटांनी पुढे जाणारं ऑटोमॅटिक घड्याळ उघडायला देण्याआधी हे करून बघाच.

आता जे सांगायला बसले ते. दुकानात आपण डायल बघतो, मागची काच बघतो, आणि रोज त्रास देतात ते भाग वेगळेच निघतात, ज्यांच्यावर कंपनीने चार पैसे वाचवलेले असतात.

एक नंबर चावी. स्क्रूवाली आहे म्हणजे वेळ लावून झाली की दाबून फिरवत बंद करायची, तेव्हाच आतली रबराची रिंग दाबली जाते. माझ्या चावीचे आटे कचकच करतात. काकांची पद्धत अशी, दाबून आधी उलटं फिरवायचं, बोटाला एक बारीक 'टक्' लागतो, आटा बरोबर बसला की, आणि मगच सुलटं. कधीच तिरपी बसत नाही. आणि चावीचे दात एवढे धारदार आहेत की मनगट वर वाकवलं की हाताच्या मागे वण उठतो. तारीख चावीने बदलायची तर रात्री नऊ ते एकच्या मध्ये नाही, तेव्हा तारखेचं चाक गिअरमध्ये अडकलेलं असतं.

दोन नंबर पट्ट्याच्या पिना. केसच्या शिंगांमध्ये पट्टा धरणारी स्प्रिंगची पिन इतकी बारीक होती की बोटाने वाकली, सगळं घड्याळ तिच्यावर लटकतंय! जाड पिना बदलून घेतल्या, किरकोळ खर्च. बक्कलला भोकं तीनच, मे महिन्यात मनगट सुजतं तेव्हा एकात घट्ट आणि दुसऱ्यात ढगळ.

काच सफायर आहे ते मात्र वसूल. धुळीतल्या वाळूचा कठीणपणा दहापैकी ७ धरतात, सफायरचा ९, साधी मिनरल काच वाळूपेक्षा मऊच, म्हणून बहिणीच्या घड्याळावर वर्षात जाळी झाली आणि माझ्यावर ओरखडा नाही. बेझेल, म्हणजे काचेभोवतीचं आकड्यांचं कडं, एकाच बाजूला फिरतं, पाणबुड्यांना चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसावा, कमी नाही, म्हणून. मी त्यावर भात शिजायची वेळ लावते.

१०० मीटर म्हणजे १०० मीटर खोल जायचं असं नाही, तो लॅबमधला स्थिर दाब, आणि रिंगा वर्षागणिक कडक होत जातात. पावसाळ्याआधी त्या बदलून प्रेशर टेस्ट करून घ्यायचीय, काकांकडे मशीन नाहीये. बडोद्यात कुणाकडे असेल तर सांगा, अलकापुरीकडे असेल तर उत्तमच.