उलटलेला सीएलएल: दोन वर्षांत संपणारी औषधांची जोडी की रोजची गोळी?

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा रक्ताचा कर्करोग, पहिल्या उपचारानंतर उलटला की आज डॉक्टर साधारण दोन पर्याय समोर ठेवतात. पहिला, व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या आणि रिटुक्सिमॅबचं सलाइन ही जोडी: मुदत ठरलेली, दोन वर्षांनी बंद. दुसरा, बीटीके (सीएलएलच्या पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन) रोखणारी गोळी, म्हणजे इब्रुटिनिब, अकालाब्रुटिनिब किंवा झानुब्रुटिनिब: आजार ताब्यात आहे आणि औषध सोसतंय तोवर रोज.

त्याआधी एक गोष्ट. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट वाढलेले दिसले म्हणून लगेच उपचार सुरू करायची गरज नसते. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरू लागणं, गाठी किंवा प्लीहा त्रास देण्याइतकी वाढणं, रात्री कपडे भिजवणारा घाम, सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणं, असं काही असेल तरच घाई. नाहीतर थांबून लक्ष ठेवणं हाच योग्य उपचार असतो, आणि तो करायला डॉक्टरांइतकाच घरच्यांनाही धीर लागतो.

जोडीची परीक्षा कशी झाली

व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ या प्रथिनाला धरतं. सीएलएलच्या पेशी ठरल्या वेळी मरत नाहीत, त्या याच प्रथिनाच्या जिवावर. ते अडवलं की पेशी झपाट्याने मरतात. रिटुक्सिमॅब पेशीवरच्या सीडी-२० या खुणेला चिकटून प्रतिकारशक्तीला तिच्यावर सोडतं.

मुरानो नावाच्या चाचणीत आजार उलटलेले ३८९ रुग्ण होते. १९४ जणांना ही जोडी, १९५ जणांना बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅब ही तेव्हाची प्रचलित केमोथेरपी. २०१८ साली पहिले आकडे आले: दोन वर्षांनी आजार न वाढता असलेले रुग्ण ८४.९ टक्के विरुद्ध ३६.३ टक्के. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात आजार आवरून राहण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जातात तो) ५३.६ महिने विरुद्ध १७ महिने, आणि हयात रुग्ण ८२.१ टक्के विरुद्ध ६२.२ टक्के. केमोथेरपीपेक्षा ही जोडी सरस आहे, यात शंका उरली नाही.

पण निवड करणाऱ्याने इथे नीट थांबायला हवं. मुरानोत तुलना केमोथेरपीशी होती, बीटीके गोळीशी नव्हती. इब्रुटिनिबच्या रेझोनेट चाचणीत हाच मध्यक काळ ४४.१ महिने आला, म्हणून ५३.६ मोठा आणि ४४.१ लहान असा हिशोब मांडणं चूक आहे. रेझोनेटमधल्या इब्रुटिनिब घेणाऱ्यांचे आधीच्या उपचारांचा मध्यक तीन होता. मुरानोत निम्म्याहून अधिक जणांचा आधी एकच उपचार झाला होता. शर्यत वेगळी, धावणारेही वेगळे.

जोडी: अवघड आहेत ते पहिले पाच आठवडे

व्हेनेटोक्लॅक्स जोरात काम करतं, धोकाही त्यातूनच येतो. पेशी एकदम फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक ॲसिड रक्तात उतरतं, कॅल्शियम घसरतं, किडनी अडते, हृदयाची लय बिघडू शकते. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. सुरुवातीच्या चाचण्यांत यामुळे मृत्यू झाले, म्हणून डोस पायरीपायरीने वाढवायची पद्धत आली: पहिला आठवडा रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. गोळ्या १०, ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या येतात; म्हणजे २० चा डोस दोन गोळ्यांचा आणि ४०० चा चार गोळ्यांचा. जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर, रोज एकाच वेळी. डोस राहिला आणि आठ तास उलटले नसतील तर घ्यावा, नाहीतर सोडून द्यावा. घेतल्यावर उलटी झाली तरी त्या दिवशी पुन्हा घेऊ नये.

धोका सीटी स्कॅन आणि रक्त पाहून ठरतो. सगळ्या गाठी ५ सेंटिमीटरच्या आत आणि लिम्फोसाइट २५ हजारांच्या खाली असतील तर धोका कमी. एखादी गाठ १० सेंटिमीटर किंवा मोठी असेल, किंवा ५ सेंटिमीटरची गाठ आणि २५ हजार लिम्फोसाइट दोन्ही असतील, तर धोका जास्त. अशा रुग्णाने २० आणि ५० च्या पहिल्या डोसला ॲडमिट व्हायचं असतं. किडनी आधीच कमजोर असेल तर सावधगिरी एक पायरी वर.

तयारी दोन-तीन दिवस आधी सुरू होते: युरिक ॲसिड कमी ठेवणारं ॲलोप्युरिनॉल आणि रोज दीड ते दोन लिटर पाणी. २० आणि ५० च्या पहिल्या डोसआधी, मग ६ ते ८ तासांनी आणि २४ तासांनी पोटॅशियम, युरिक ॲसिड, फॉस्फरस, कॅल्शियम, क्रिएटिनिन तपासतात. जास्त धोक्याच्या रुग्णात ४, ८, १२ आणि २४ तासांनी.

गडबड होते ती बहुधा इथेच. डोस सकाळी घ्या, म्हणजे आठ तासांचं रक्त लॅब सुरू असताना जाईल. शनिवारी सुरुवात करू नका. चोवीस तासांचा रिपोर्ट रविवारी अडकतो. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील तर रक्ताची बाटली हवेच्या दाबाच्या नळीतून पाठवली की नाजूक पेशी वाटेतच फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. नमुना हाताने न्यावा. आकडा आणि ईसीजी जुळत नसेल तर लगेच पुन्हा काढावा. युरिक ॲसिडसाठी रासब्युरिकेज दिलं असेल तर ते बाटलीतही काम करत राहतं, म्हणून नमुना थेट बर्फात ठेवावा लागतो. नाहीतर रिपोर्ट खोटा दिलासा देतो. आणि रासब्युरिकेजआधी जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) तपासलेलं असावं, कारण कमतरता असेल तर लाल पेशी फुटतात.

४०० वर पोचून एक आठवडा झाला की रिटुक्सिमॅब सुरू होतं: दर २८ दिवसांनी, एकूण सहा वेळा. पहिला डोस शरीराच्या दर चौरस मीटरला ३७५ मिलिग्रॅम, पुढचे ५००. पहिल्या दिवशी थंडी, ताप, रक्तदाब उतरणं असं होऊ शकतं; सलाइन मंद सुरू करून वेग हळूहळू वाढवतात, त्यात दिवस जातो. त्याआधी हेपटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, झालेल्या असाव्यात. रिटुक्सिमॅबने दबलेला विषाणू उठतो आणि लिव्हर निकामी होऊ शकतं. एकच तपासणी करून पुढे जाणं ही टाळता येण्यासारखी चूक आहे.

मुरानोत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गंभीरपणे उतरण्याचं प्रमाण जोडीत ५७.७ टक्के होतं, केमोत ३८.८. तरी ताप येण्यापर्यंत गोष्ट गेलेले ३.६ टक्के, केमोत ९.६. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की घरात वाट पाहायची नाही, थेट हॉस्पिटल.

बीटीके गोळी: सुरुवात सोपी, शेवट नाही

इथे पायऱ्या नाहीत. इब्रुटिनिब ४२० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, अकालाब्रुटिनिब १०० दोनदा, झानुब्रुटिनिब १६० दोनदा किंवा ३२० एकदा. पहिल्या आठवड्यांत रक्तातले लिम्फोसाइट उलट वाढतात, कारण पेशी गाठींतून बाहेर पडून रक्तात येतात. गाठी विरघळताना दिसतात आणि आकडा मात्र चढतो. हे बिघडणं नव्हे. रिपोर्ट पाहून घाबरून गोळी बंद करू नका.

त्रास वेगळ्या जातीचा आहे: हृदयाची अनियमित लय, वाढता रक्तदाब, रक्तस्राव. ५३३ रुग्णांच्या चाचणीत ही लय इब्रुटिनिबवर १६ टक्क्यांत, अकालाब्रुटिनिबवर ९.४ टक्क्यांत दिसली, आजार आवरण्याचा काळ मात्र सारखाच, ३८.४ महिने. ६५२ रुग्णांच्या अल्पाइन चाचणीत दोन वर्षांनी आजार न वाढलेले झानुब्रुटिनिबवर ७८.४ टक्के, इब्रुटिनिबवर ६५.९. आता नव्याने सुरू करणाऱ्याला, परवडत असेल तर, इब्रुटिनिबने सुरुवात करायला मला कारण दिसत नाही. दात काढणं असो की मोतीबिंदू, शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर ३ ते ७ दिवस गोळी थांबवण्याबाबत डॉक्टरांशी बोला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

दोन्हींना आडवं येणारं

गजकर्णासाठी दुकानातून सहज मिळणारं इट्राकोनाझोल या औषधांचं रक्तातलं प्रमाण अनेक पटींनी वाढवू शकतं. व्हेनेटोक्लॅक्सच्या पायऱ्या चालू असताना ते पूर्ण वर्ज्य. क्लॅरिथ्रोमायसिनही तसंच. पपनस, ग्रेपफ्रूट आणि करमल (स्टारफ्रूट) टाळा. टीबीवरचं रिफॅम्पिसिन उलट परिणाम करतं, औषध रक्तात टिकूच देत नाही. म्हणून जुना टीबी किंवा घरात टीबीचा रुग्ण असेल तर ते आधी सांगायला हवं.

कोणाला काय

निवडीआधी १७पी चा फिश (१७व्या गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे का ही तपासणी) आणि टीपी५३ या जनुकाचं म्युटेशन पुन्हा तपासून घ्या. पहिल्या वेळचा रिपोर्ट चालत नाही, आजार उलटताना जनुकं बदललेली असू शकतात. हा दोष असेल तर जोडीचा परिणाम कमी काळ टिकतो. तिथे अनेक हेमॅटॉलॉजिस्ट न थांबणाऱ्या बीटीके गोळीकडे झुकतात, आणि ते मला पटतं.

हृदयाचा आजार किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर जोडी. किडनी खराब, गाठी मोठ्या आणि रात्री लॅब चालू असलेलं हॉस्पिटल जवळ नसेल तर गोळी. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला जोडीच हवी असेल तर निदान पहिले दोन आठवडे हॉस्पिटलजवळ मुक्काम करावा. चोवीस तासांच्या रिपोर्टसाठी रात्रीच्या एसटीने ये-जा करणं धोक्याचं आहे. खर्चाचं गणितही इथेच बसतं: जोडीचा खर्च मोठा, पण त्याला तारीख आहे. गोळीचा महिन्याचा खर्च कमी दिसला तरी ती किती वर्षं लागेल हे कोणी लिहून देत नाही, आणि पैशांअभावी मध्येच थांबली तर आजार उसळू शकतो.

आधी बीटीके गोळीवर असतानाच आजार उलटला असेल तर प्रश्न बराचसा सुटलेला असतो: व्हेनेटोक्लॅक्स. मात्र मुरानोत असे रुग्ण अगदी थोडे होते, त्यामुळे ५३.६ महिने हा आकडा त्यांनी स्वतःचा समजू नये. जोडी दोन वर्षं पूर्ण करून थांबवल्यानंतर आजार उलटला असेल तर तीच जोडी पुन्हा देता येते; मुरानोतल्या २५ जणांना ती पुन्हा दिली तेव्हा ७२ टक्क्यांमध्ये आजाराने प्रतिसाद दिला. पायऱ्या मात्र परत २० मिलिग्रॅमपासूनच चढाव्या लागतात, पाणी आणि ॲलोप्युरिनॉलसकट.