ओटीपी, ऑथेंटिकेटर, पासकी आणि सुरक्षा-किल्ली: आपल्या खात्यासाठी काय निवडावे?

ईमेलच्या किंवा पैशांच्या व्यवहाराच्या कोणत्याही खात्यात सुरक्षेची सेटिंग उघडली, तर आता चार-पाच पर्याय एकाखाली एक मांडलेले दिसतात: एसएमएसने येणारा ओटीपी, ऑथेंटिकेटर अ‍ॅप, फोनवर येऊन ‘हे तुम्हीच आहात का?’ असे विचारणारी सूचना, पासकी आणि काही ठिकाणी हातात धरता येणारी सुरक्षा-किल्ली. एखाद्या पर्यायाशेजारी ‘शिफारस केलेला’ असे लिहिलेले असते, पण शिफारस कशासाठी, ते लिहिलेले नसते. त्यामुळे बहुतेक जण आधीपासून चालू असलेला ओटीपीच तसाच ठेवून सेटिंग बंद करतात. हा निर्णय ज्यांना विचारपूर्वक घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी मी या पर्यायांची तुलना दोन प्रश्नांच्या आधारे करणार आहे. गोड बोलून, घाई करून किंवा घाबरवून कोणी माझी ओळख पटवणारी ही खूण (ओटीपी, किल्ली वगैरे) माझ्याकडून काढून घेऊ शकेल का, हा पहिला प्रश्न. फोन हरवला किंवा फुटला तर मीच माझ्या खात्याबाहेर अडकून पडेन का, हा दुसरा. हे प्रश्न सुटे सुटे विचारून चालत नाही. कारण जी खूण हरवल्यावर सहज परत मिळते, ती बहुधा दुसऱ्यालाही आपले नाव सांगून तितक्याच सहज मिळवता येते.

फसवणूक कशी घडते ते एकदा जवळून पाहिलेले बरे. माझ्या मावशीला पार्सल अडल्याचा संदेश आला: पत्ता अपूर्ण आहे, दुव्यावर जाऊन किरकोळ शुल्क भरा. त्या सुमारास ती खरोखरच एका पार्सलची वाट पाहत होती. दुव्यावरचे पान नीटनेटके होते. तिने कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले, आणि पडद्यावर ‘कृपया थांबा’ असे लिहून एक चक्र फिरू लागले. ते चक्र फिरत असताना पलीकडचा माणूस तेच तपशील एका खऱ्या दुकानात भरून मोठ्या रकमेची खरेदी करत होता. मग बँकेकडून खरा ओटीपी आला आणि पानावर ओटीपीसाठी चौकट उघडली. रक्कम आणि दुकानाचे नाव त्या संदेशात स्पष्ट लिहिलेले होते. पण मावशीने संदेश उघडलाच नाही, कारण फोनने सहा आकडे संदेशातून उचलून कीबोर्डच्या वरच्या पट्टीत आयते आणून ठेवले होते आणि तिने त्यावर फक्त बोट टेकवले. नंतर मला फोनवर तो संदेश वाचून दाखवताना, रकमेपाशी येऊन ती गप्प झाली. या सगळ्या प्रकारात बँक खरी होती, दुकान खरे होते, ओटीपी खरा होता. खोटे होते ते एकच पान. आणि ओटीपीला तो कोणत्या पानावर भरला जात आहे, हे कळण्याची काही सोयच नसते.

एसएमएसच्या ओटीपीचे हे पहिले वैगुण्य झाले. दुसरे वैगुण्य असे, की ओटीपी आपल्या फोनवर येतो असे आपण म्हणत असलो तरी तो येतो आपल्या क्रमांकावर, आणि क्रमांक कोणत्या सिमकार्डाशी जोडायचा हे मोबाइल कंपनीच्या हातात असते. आपली वैयक्तिक माहिती गोळा करून ‘माझा फोन हरवला, नवीन सिम द्या’ असे सांगणारा चोर त्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला पटवू शकला, तर आपल्या फोनची रेंज जाते आणि पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचा मोबाइल क्रमांकच असा पळवला गेला आणि त्यांच्या स्वतःच्या खात्यावरून भलताच मजकूर प्रसिद्ध झाला. तिसरी वाट जाळ्याच्याच पोटातली आहे: दूरध्वनी कंपन्या एकमेकींशी ज्या एसएस७ या यंत्रणेने बोलतात, तिची आखणी १९७०च्या दशकातली असून तिच्यातील उणिवा वापरून २०१७ मध्ये जर्मनीतील ग्राहकांचे ओटीपी वळवले गेले आणि त्यांची बँक खाती रिकामी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने त्याच वर्षीच्या मार्गदर्शिकेत एसएमएसची पद्धत ‘मर्यादित’ वर्गात टाकली. तरीही नुसत्या पासवर्डपेक्षा ओटीपी कितीतरी बरा, हे आवर्जून सांगितले पाहिजे. गूगलने दोन विद्यापीठांच्या संशोधकांसह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एसएमएसच्या सांकेतिक क्रमांकाने यंत्रांकरवी होणारे सर्व हल्ले, सरसकट पाठवल्या जाणाऱ्या फसव्या संदेशांचे ९६ टक्के हल्ले आणि एका माणसाला हेरून केलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्के हल्ले रोखले होते. ज्यांच्या बँकेत दुसरा पर्यायच नाही, त्यांनी तो बंद करण्याचा विचारही करू नये.

ऑथेंटिकेटर अ‍ॅप यातील दुसरी आणि तिसरी वाट पूर्ण बंद करते. खाते जोडताना क्यूआर कोडमधून एक गुप्त बीज, म्हणजे एक लांबलचक गुप्त संकेत, फोनमध्ये जाते, आणि ते बीज व घड्याळातील वेळ यांच्यापासून दर ३० सेकंदांनी नवा, बहुधा सहा आकडी क्रमांक तयार होतो. या पद्धतीचे मानक २०११ मध्ये ठरले. क्रमांक फोनमध्येच जन्मतो, त्यामुळे त्याला ना सिम लागते ना नेटवर्क. वारंवार प्रवास करणाऱ्यांना आणि सिम बदलणाऱ्यांना हीच पद्धत सोयीची पडते. पण पहिली वाट मात्र उघडीच राहते. मावशीने ओटीपीऐवजी अ‍ॅपमधला क्रमांक त्या पानावर भरला असता, तरी तो ३० सेकंदांच्या आत पलीकडे पोहोचलाच असता. दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत तर अ‍ॅप एसएमएसपेक्षा कठोर आहे. माझा जुना फोन अचानक बंद पडला तेव्हा सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी लगेच सुरू झाले. पण अ‍ॅपमधली बीजे त्या फोनबरोबरच गेली होती, आणि ज्या दोन खात्यांचे पुनर्प्राप्तीचे क्रमांक (फोन नसताना खाते उघडण्यासाठी संकेतस्थळ आधीच देऊन ठेवते ते राखीव क्रमांक) मी कधी लिहून ठेवले नव्हते, ती परत मिळवण्यासाठी ओळखपत्रे पाठवत मला कित्येक दिवस थांबावे लागले. आता काही अ‍ॅप बीजांची प्रत ऑनलाइन ठेवतात. गूगलच्या अ‍ॅपमध्ये ही सोय २०२३ मध्ये आली. ती घेतली, तर अडकून पडण्याची भीती कमी होते, परंतु ज्या खात्यात प्रत ठेवली ते एक खाते फुटले की बाकीच्यांचे क्रमांकही उघडे पडतात, हे लक्षात घेऊन त्या खात्याला सर्वांत भक्कम संरक्षण द्यावे लागते.

‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायला लावणाऱ्या सूचनेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती सोपी आहे, आणि सोपेपणातच तिचा धोका आहे. २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला एकामागून एक अशा सूचना पाठवून अखेर ‘हो’ दाबायला लावले गेले आणि हल्लेखोर आत शिरला. त्यानंतर पडद्यावर दिसणारा अंक फोनमध्ये भरायला लावण्याची पद्धत रूढ होत गेली. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटरमध्ये ती २०२३ पासून सक्तीची केली. आपल्या खात्यात अंक जुळवणारी सूचना असेल तर ती घ्यावी, नुसत्या ‘हो’ची असेल तर अ‍ॅप बरे.

पासकीपाशी येताच तुलनेचा सूर बदलतो. मे २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्रितपणे पाठिंबा जाहीर केलेल्या या पद्धतीत आपल्याकडून कोणताही क्रमांक बाहेर जात नाही. खाते जोडताना फोन किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. तिच्यातील उघडी किल्ली संकेतस्थळाकडे जाते आणि खासगी किल्ली आपल्याकडेच राहते. प्रवेश करताना संकेतस्थळ एक कोडे पाठवते, आपण बोट, चेहरा किंवा पिन दाखवून परवानगी देतो, आणि फोन खासगी किल्लीने त्या कोड्यावर सही करून परत पाठवतो. बोटाचा ठसा किंवा चेहरा संकेतस्थळाकडे जातो अशी भीती अनेकांना वाटते. तो जात नाही, त्याने फक्त फोनमधली किल्ली मोकळी होते. पण खरे महत्त्व आहे ते पुढच्या गोष्टीला. ही जोडी ज्या संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी तयार झाली, त्याच पत्त्याशी ती बांधलेली असते. पान हुबेहूब असले आणि पत्त्यात एकाच अक्षराचा फरक असला, तरी फोन या पत्त्यासाठी किल्ली नाही असे ठरवून मोकळा होतो. थकलेल्या, घाईत असलेल्या, पार्सलची वाट पाहणाऱ्या माणसाने ओळखायचा फरक इथे यंत्र ओळखते, आणि माणसाने कितीही मनापासून सांगायचे ठरवले तरी सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही नसते. माझ्या मते पासकी निवडण्याचे हेच एक कारण पुरेसे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही समाधानकारक आहे, कारण बहुतेक पासकी आपल्या इतर उपकरणांवरही आपोआप पोहोचतात, त्यामुळे एक फोन गेला म्हणून सगळे जात नाही. उणीव आहे ती फोनच्या पिनमध्ये: गर्दीत आपला पिन पाहून ज्याने फोन पळवला, त्याच्या हातात पासकीही पडू शकतात. तेव्हा चार आकडी पिन ठेवून पासकीवर विसंबू नये.

सुरक्षा-किल्लीत तीच कल्पना एका छोट्या, यूएसबीत खोचण्याच्या किंवा फोनला टेकवण्याच्या वस्तूत बंद केलेली असते आणि खासगी किल्ली तिच्याबाहेर कधीच जात नाही. कसोटीच्या प्रसंगी ही वस्तू टिकलेली आहे. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना ती सक्तीची केली, आणि कामाच्या एकाही खात्यावर फसव्या पानाद्वारे ताबा गेल्याची नोंद नसल्याचे कंपनीने पुढच्या वर्षी सांगितले. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना फसवे संदेश गेले आणि तिघांनी आपले पासवर्ड खोट्या पानावर भरलेही, तरी किल्लीवाचून चोरांना आत येता आले नाही. मात्र ही वस्तू विकत घ्यावी लागते, आणि एक घेऊन भागत नाही. हरवली तर दुसरी हवीच, आणि ती दुसरीही प्रत्येक खात्यात आगाऊ नोंदवून वेगळ्या जागी ठेवायला हवी. पत्रकार, वकील, संस्थांचे हिशेब सांभाळणारे किंवा ज्यांना कोणी नाव घेऊन लक्ष्य करू शकेल, त्यांनी हा खर्च करावा. इतरांना पासकी पुरेशी आहे.

या सगळ्याची मर्यादा सांगितल्याशिवाय तुलना प्रामाणिक होणार नाही. ही साधने खात्यात शिरणाऱ्याला अडवतात. आपण स्वतःच समजून-उमजून पैसे पाठवले, तर कोणतेच साधन आड येत नाही. ‘तुमचे खाते धोक्यात आहे, रक्कम सुरक्षित खात्यात हलवा’ असे सांगणाऱ्या फोनपुढे किंवा पडदा दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅप उतरवायला लावणाऱ्या ‘मदतनिसा’पुढे सुरक्षा-किल्लीही उपयोगाची नाही. तिथे उपाय एकच: फोन ठेवून द्यावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. ऑनलाइन खरेदीत, शक्य तिथे, थेट बचत खात्याला जोडलेले डेबिट कार्ड देण्यापेक्षा क्रेडिट कार्ड किंवा एका व्यवहारापुरता तयार होणारा आभासी क्रमांक द्यावा, म्हणजे वाद सुटेपर्यंत अडकलेले पैसे घरखर्चाचे नसतात. आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी कर्ज काढण्याची चोरी याहून निराळी. ज्या देशांत पतनोंद, म्हणजे कर्ज देणारे आधी तपासतात ती आपल्या कर्जव्यवहारांची नोंद, गोठवण्याची सोय आहे तिथे ती वापरावी, कारण नोंदीवर नुसते लक्ष ठेवणारी सेवा कर्ज निघाल्यावर कळवते, तर गोठवलेल्या नोंदीवर ते सहसा निघतच नाही.

निवड करताना सुरुवात ईमेलपासून करावी, बँकेपासून नव्हे, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ईमेलमध्येच येतात. ईमेलला पासकी लावावी. जिथे पासकी नाही तिथे ऑथेंटिकेटर, आणि जिथे तेही नाही तिथे एसएमएस, पण कीबोर्डवर आलेले आकडे न घेता संदेश उघडून, रक्कम आणि नाव वाचून. घरातील वयस्कर माणसांसाठी हा क्रम मी बदलणार नाही. आकडे वाचून भरण्यापेक्षा बोट टेकवणे त्यांना सोपे जाते, फक्त पहिल्या वेळी कोणीतरी शेजारी बसून पासकी तयार करून द्यावी. नवे साधन लावल्यावर ‘पासवर्ड विसरलात का?’ हा दुवा एकदा स्वतः दाबून पाहावा. तिथे अजूनही एसएमएसवर खाते परत मिळत असेल, तर चोरही त्याच दाराने येईल, म्हणून तो पर्याय काढून टाकावा. पण त्याआधी पुनर्प्राप्तीचे क्रमांक कागदावर उतरवून, जिथे महत्त्वाची कागदपत्रे असतात तिथे ठेवावेत आणि विश्वासातल्या एका माणसाला ती जागा सांगून ठेवावी.